फळीवर लागणारा दम : एचआयव्हीसह जगणाऱ्या एका ऊसतोड मजूर बाईच्या हृदयाचं प्रकरण

या बाईंना आपण सुमनताई म्हणू. नाव, तालुका, कारखाना आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. एआरटी केंद्रातले (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातले) डॉक्टर, समुपदेशक, फार्मासिस्ट आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे फिजिशियन वाचतील या हिशेबाने लिहिलंय, पण ज्यांच्या घरात अशा दोन-दोन आजारांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडावं.

पार्श्वभूमी

सुमनताई मराठवाड्यातल्या कोरडवाहू तालुक्यातल्या, वय ४२. नवरा २००९ मध्ये क्षयाने गेला. त्याच्यामागोमाग आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, तपासणी झाली. ताई पॉझिटिव्ह आल्या, पाच वर्षांचा मुलगा निगेटिव्ह. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तेव्हा १७८ होता. लगेच झिडोवुडीन, लॅमिवुडीन आणि नेव्हिरापीन सुरू झालं आणि पुढची नऊ वर्षं तेच चाललं.

२०१८ मध्ये व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी सरकारी कार्यक्रमात नेहमीची झाली आणि पहिल्याच तपासणीत कळलं की गोळ्या असूनही विषाणू आटोक्यात नाही. सॅसेपच्या, म्हणजे राज्य पातळीवरच्या तज्ज्ञ पॅनेलच्या, सल्ल्याने त्यांना दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली चालेनाशी झाल्यावर द्यायच्या, औषधांवर नेलं : टेनोफोवीर-लॅमिवुडीन आणि जोडीला अटाझानावीर-रिटोनावीर. त्यावर विषाणू दबला.

दर दिवाळीनंतर त्या मुलाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायच्या. दोघांचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली लाखभराची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) आणि कारखान्याजवळच्या माळावर कोपी. टोळीत कुणालाच आजाराची कल्पना नव्हती. म्हणून ग्रीन बुक (एआरटीची नोंदवही) घरी पत्र्याच्या पेटीत राहायचं आणि गोळ्या बाटलीतून काढून साध्या डबीत भरून सोबत यायच्या. हे दरवर्षीचंच होतं. २०२२ च्या हंगामाला त्या दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन निघाल्या. हंगाम पाच महिन्यांचा होता.

काय बिघडलं

तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं असतं. नोव्हेंबरअखेरीस ताईंना फळीच्या निम्म्यावर दम लागू लागला. आधी मोळी लहान केली, मग मोळी मुलाने उचलायची आणि ताईंनी फक्त बांधायची असं ठरलं. खाडा झाला की पैसे कापले जातात, त्यामुळे घरी बसण्याचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरात गोळ्या संपल्या. जानेवारीत पाय सुजले आणि रात्री उताणं झोपवेना.

"आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यागत व्हायचं. मग कोपीच्या मेढीला टेकून बसून झोपायचे," असं त्यांनी नंतर सांगितलं. ऑर्थोप्निया समजावताना विद्यार्थ्यांना मी आता हेच वाक्य सांगतो.

कारखान्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात अशक्तपणा आणि कफ असं सांगून सलाईन लावलं, अंगात ताकद येण्यासाठी म्हणून. दोन दिवसांनी आणखी एक. दुसऱ्या सलाईनच्या रात्री त्या श्वासासाठी तडफडल्या. हृदय आधीच पाणी पुढे ढकलू शकत नसताना वरून अर्धा-एक लिटर ओतलं की ते फुप्फुसात उतरणार. ग्रामीण भागात थकवा म्हटलं की सलाईन हे समीकरण इतकं घट्ट आहे की रुग्णच ते मागतात. ताईंनीही मागितलं होतं.

तिथून ग्रामीण रुग्णालय. तिथे मात्र त्यांनी एचआयव्ही असल्याचं सांगितलं.

पहिला निर्णय : क्षय की हृदय

ग्रामीण रुग्णालयातला एक्स-रे असा : दोन्ही बाजूंना फुप्फुसावरणात पाणी, उजवीकडे जास्त, आणि हृदयाची सावली मोठी. एचआयव्ही आहे, औषधं सुटलेली आहेत, नवरा क्षयाने गेलेला, वजन कमी आणि छातीत पाणी. यावर क्षयाचं औषध सुरू केलं तर कुणी चूक म्हणणार नाही. मोठी सावली हृदयावरणातल्या पाण्याचीही असू शकते, आणि एचआयव्हीत तेही बहुधा क्षयाचंच निघतं.

तिथल्या तरुण मेडिकल ऑफिसरला दोन गोष्टी खटकल्या : ताप अजिबात नव्हता आणि मानेतली शीर कानापर्यंत फुगलेली होती. त्याने थुंकीचं सीबीनॅट (क्षयाची जनुकीय तपासणी) केलं, ते निगेटिव्ह आलं. मग क्षयाच्या गोळ्या सुरू न करता अंगातलं पाणी उतरवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं.

हा निर्णय फार मोलाचा होता, कारण क्षयावरचं रिफाम्पिसीन अटाझानावीर-रिटोनावीरबरोबर चालत नाही. ते अटाझानावीरची रक्तातली पातळी पार खाली आणतं. म्हणजे अंदाजाने क्षयाचं औषध सुरू केलं असतं तर एचआयव्हीची औषधंही बदलावी लागली असती, आणि हृदय तसंच राहिलं असतं. पुढे आमच्या रुग्णालयात फुप्फुसावरणातलं पाणी काढून तपासलं. ते ट्रान्स्युडेट, म्हणजे दाबाने पाझरलेलं पाणी, निघालं; एडीए हा क्षयाकडे बोट दाखवणारा आकडाही कमी.

निदान

ग्रामीण रुग्णालयातून निघून आमच्यापर्यंत पोचण्याआधी मुलाने त्यांना वाटेतल्या शहरात एका खासगी हृदयरोगतज्ज्ञाकडे नेलं. टूडी इको तिथेच झाला. डावं निलय ताणून ६२ मिलिमीटर झालेलं, सगळ्या भिंती सारख्याच मंद हलणाऱ्या, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला निलयातलं किती रक्त बाहेर पडतं ते प्रमाण) २५ टक्के. हृदयावरणात पाण्याची पातळ रेघ, दाब नाही. गुठळी नाही. ईसीजीत नाडी ११८, पण क्यूआरएस (निलयांतून विद्युत लहर पसरायला लागणारा वेळ) अरुंद.

डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू ताणून ढिला पडणं), एवढं नाव तिथेच पडलं. ती कशामुळे, हे तिथे कुणी विचारलं नाही, कारण विचारायला लागणारी माहितीच ताईंनी दिली नव्हती. सोबत मुलगा होता आणि त्याला आईचा आजार माहीत नव्हता.

आमच्याकडे आल्यावर सीडी४ ९६, व्हायरल लोड दोन लाखांवर, हिमोग्लोबिन ८.१, लोह कमी, थायरॉइड ठीक, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ०.९. दारू नाही, मिसरी आहे.

एचआयव्हीत हृदयाचा स्नायू का ढिला पडतो याला एकच उत्तर नाही. हा विषाणू स्नायूपेशींत शिरून वाढतो म्हणण्यापेक्षा, अनियंत्रित संसर्गात शरीरभर जी दाहाची स्थिती राहते तिचा मारा हृदयावर होतो. प्रतिकारशक्ती खचली की इतर विषाणूंना मायोकार्डायटिस (हृदयस्नायूचा दाह) करायला वाव मिळतो. कुपोषण आणि रक्तक्षय यांची त्यात भर पडते. झिडोवुडीनसारखी जुनी औषधं पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल होण्यात अडथळा आणतात, आणि हृदयाचा स्नायू तर मायटोकॉन्ड्रियावरच चालतो. औषधं सर्रास मिळू लागल्यावर हे प्रकरण श्रीमंत देशांत दुर्मीळ झालं आणि तिथली चर्चा हार्ट अटॅककडे वळली. जिथे रुग्ण उशिरा येतात किंवा मध्येच गळतात तिथे ते गेलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, एचआयव्ही असलेल्या ५१८ नव्या हृदयरुग्णांपैकी ३८ टक्क्यांचं निदान कार्डिओमायोपॅथी हेच होतं.

ताईंच्या बाबतीत झिडोवुडीन चार वर्षांपूर्वी बंद झालं होतं. त्याचा जुना ओरखडा असेलही, पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं सोयीचं वाटलं तरी पटत नव्हतं. दम लागायला सुरुवात झाली ती गोळ्या संपण्याआधी. म्हणजे हृदय आधीपासूनच कमकुवत होत होतं, आणि विषाणू मोकळा सुटला, रक्तक्षय वाढला, कष्ट थांबले नाहीत म्हणून ते कोसळलं. बायोप्सी केली नाही, कारण तिने उपचार बदलला नसता. करोनरी अँजिओग्राफी प्रकृती सावरल्यावर, चौथ्या महिन्यात केली. रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या.

दुसरा निर्णय : एका पिशवीतली दोन प्रिस्क्रिप्शनं

या प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे. भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एआरटी केंद्राच्या फार्मासिस्ट बाई वॉर्डात आल्या. "ताई, बाहेरच्या डॉक्टरांच्या गोळ्या कुठं आहेत? नावं नका सांगू, पिशवीच दाखवा." मुलगा चहा आणायला गेला होता. ताईंनी उशाखालून मेडिकलची पातळ पिशवी काढली आणि पलंगावर उलटी केली : टॉर्सेमाइड (पाणी उतरवणारी), कार्व्हेडिलॉल (नाडी मंद करणारी), सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन (हृदयावरचा ताण कमी करणारी), आयव्हाब्रॅडीन (हीही नाडी मंद करणारी), अॅटोरव्हास्टॅटिन ४० (कोलेस्टेरॉलची) आणि सगळ्यात खाली पँटोप्राझोल.

हृदयविकारापुरतं बोलायचं तर हे प्रिस्क्रिप्शन वाईट नव्हतं. पण ताई एआरटी पुन्हा सुरू करणार होत्या, आणि त्या क्षणी यातल्या अर्ध्या गोळ्या धोक्याच्या ठरणार होत्या.

रिटोनावीर यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम बंद पाडतं. आयव्हाब्रॅडीन त्याच एन्झाइमने निकालात निघतं. दोन्ही एकत्र घेतली तर आयव्हाब्रॅडीन रक्तात साचून नाडी धोकादायक मंद होऊ शकते, म्हणून ही जोडी पूर्ण वर्ज्य आहे. अॅटोरव्हास्टॅटिनचंही तसंच, डोस फार कमी ठेवावा लागतो. ताईंना मुळात त्याची गरजच नव्हती. अटाझानावीर ईसीजीतलं पीआर अंतर वाढवतं, म्हणजे हृदयातली विद्युत लहर संथ करतं, तेव्हा सोबत कार्व्हेडिलॉल असेल तर ईसीजी पाहत राहावं लागतं.

आणि पँटोप्राझोल. आपल्याकडे कुठलंही प्रिस्क्रिप्शन गॅसच्या गोळीशिवाय पुरं होत नाही. अटाझानावीर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. आम्ल मारलं की औषध पोटात जातं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. रुग्ण इमानाने गोळ्या खातो आणि तरी व्हायरल लोड वाढतो. हृदयाच्या औषधांत एवढं सगळं तपासताना नजर नेमकी हिच्यावरून घसरते, म्हणून हिचा वेगळा परिच्छेद.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, जुनीच एआरटी सुरू करायची आणि हृदयाची औषधं तिला जुळवून घ्यायची. दोन, डोल्युटेग्रावीर या एचआयव्हीच्या वेगळ्या औषधावर न्यायचं, म्हणजे रिटोनावीरची कटकटच नको. पण दुसऱ्या फळीतला बदल पॅनेलच्या मंजुरीशिवाय होत नाही आणि त्याला वेळ लागतो. तीन, हृदय सावरेपर्यंत एआरटी थांबवायची. तिसरी वाट सुचवणारेही होते, "आधीच इतक्या गोळ्या" म्हणून. सीडी४ ९६ असताना आणि विषाणूच हृदय खातोय असा संशय असताना ती आम्ही लगेच बाजूला ठेवली.

पहिली वाट धरली आणि दुसरीसाठी त्याच दिवशी कागद पाठवले. क्रिप्टोकॉकल अँटिजेन (बुरशीच्या एका गंभीर संसर्गाची तपासणी) निगेटिव्ह आल्यावर पाचव्या दिवशी जुनी एआरटी सुरू झाली. त्याआधी आयव्हाब्रॅडीन, अॅटोरव्हास्टॅटिन, पँटोप्राझोल बंद. रक्तदाब ९६/६४ होता आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन घरी गेल्यावर विकत घेणं जमणार नव्हतं, म्हणून त्याऐवजी रुग्णालयात फुकट मिळणारं एनालाप्रिल २.५ मिलिग्रॅम दिलं. या दोन औषधांच्या मध्ये ३६ तासांचं अंतर ठेवावंच लागतं, नाहीतर चेहरा-घसा सुजण्याचा धोका असतो. कार्व्हेडिलॉल छातीतलं पाणी उतरेपर्यंत थांबवलं आणि मग सगळ्यात छोट्या डोसने पुन्हा सुरू केलं.

डापाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहाच्या औषधावर वाद झाला. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ते स्वस्त आहे आणि हृदयाला निःसंशय उपयोगी आहे. पण लघवीतून साखर जाते, गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. सूज उतरल्यावर ३६ किलो भरणारी, उपाशीतापाशी राहणारी, कोपीत पाण्याची सोय नसलेली बाई आणि सीडी४ शंभरच्या आत. ते आम्ही पुढे ढकललं आणि सहा महिन्यांनी सुरू केलं. आजही वाटतं की घरी परतल्याबरोबर देता आलं असतं. आमचे एक सहकारी म्हणतात, पहिल्याच आठवड्यात.

कुणाला काय सांगायचं

हृदयरोगतज्ज्ञांना एचआयव्हीबद्दल कळवायला ताईंची ना नव्हती, फक्त "पोरासमोर नको" ही अट होती. उपचारात सहभागी असलेल्या डॉक्टरला, उपचारासाठी गरज असेल तेवढी माहिती देणं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा मान्य करतो. तरी आम्ही विचारूनच फोन केला. समोरचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आधी कळलं असतं तर आयव्हाब्रॅडीन लिहिलंच नसतं."

मुलाला सांगायचं की नाही हा निर्णय ताईंचा होता, आणि त्यांनी तो तिसऱ्या आठवड्यात घेतला. समुपदेशक शेजारी बसल्या होत्या. मुलगा आजारावरून चिडला नाही, उचलीवरून चिडला. "आधी सांगितलं असतंस तर मी एवढी उचल अंगावर घेतलीच नसती. आता फेडायची कुणी?" आमच्यापैकी कुणाच्याही मनात तोवर हा प्रश्न आला नव्हता.

पोटॅशियमचा फेरा

सुट्टीनंतर दोन आठवड्यांनी पोटॅशियम ५.९ आलं, क्रिएटिनीन १.२. ताई एनालाप्रिल आणि हृदयासाठीच दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन घेत होत्या. दोन्ही पोटॅशियम वाढवतात हे सगळ्यांच्या लक्षात होतं. तिसरं औषध होतं सीडी४ कमी म्हणून रोज चालू असलेलं कोट्रायमॉक्साझोल. त्यातला ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडू देत नाही. दोन विभागांनी आपापल्या नियमाने बरोबर लिहिलेल्या औषधांची बेरीज ही अशी झाली.

कोट्रायमॉक्साझोल काढलं तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचं रक्षण जातं. पर्याय म्हणून डॅप्सोन आहे, पण ते रक्तपेशी फोडू शकतं, आणि हिमोग्लोबिन आठ. म्हणून स्पायरोनोलॅक्टोन थांबवलं. आठवड्याने पोटॅशियम ४.८ झालं. पुढे स्पायरोनोलॅक्टोन अर्ध्या गोळीने परत सुरू केलं, दर खेपेला पोटॅशियम पाहायच्या बोलीवर.

एप्रिलमध्ये पॅनेलने टेनोफोवीर-लॅमिवुडीन-डोल्युटेग्रावीर मंजूर केलं. त्यानंतर क्रिएटिनीन १.० वरून १.१५ झालं. टेनोफोवीर मूत्रपिंड बिघडवतंय की काय अशी शंका आली. डोल्युटेग्रावीर क्रिएटिनीनचा निचरा थोडा अडवतं, गाळण्याचं काम मात्र तसंच राहतं. आकडा सुरुवातीच्या आठवड्यांत थोडा चढतो आणि तिथेच थांबतो. लघवीत प्रथिनं नव्हती. औषध चालू ठेवलं आणि आकडा थांबला. लोह शिरेतून दिलं होतं, त्यामुळे लोहाची गोळी आणि डोल्युटेग्रावीर यांच्या वेळा सांभाळण्याचा व्याप वाचला.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी इजेक्शन फ्रॅक्शन ३२ टक्के होतं. नियमाने ३५ च्या आत राहिलं तर छातीत डिफिब्रिलेटर (जीवघेणे ठोके झटक्याने सुधारणारं यंत्र) बसवण्याचा विचार करायचा असतो. आम्ही थांबायचं ठरवलं : विषाणू नुकताच आटोक्यात येत होता, क्यूआरएस अरुंद होता, चक्कर नाही, होल्टरमध्ये (दिवसभर चालणाऱ्या ईसीजीत) काही सापडलं नाही. हा जुगार होता हे मान्य. त्या तीन महिन्यांत काही झालं असतं तर हाच परिच्छेद वेगळा लिहावा लागला असता. सहाव्या महिन्यात ३८ आणि पंधराव्या महिन्यात ४७ टक्के झालं. व्हायरल लोड सापडत नाही, सीडी४ २६८.

फळी मात्र बंद झाली ती कायमचीच. मुलाने दुसऱ्याबरोबर कोयता जमवला आणि उचल दोन हंगामांत फेडली. ताईंना संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान मिळतं, चार शेळ्या आहेत. तपासणीला त्या एसटीच्या अर्ध्या तिकिटात येतात.

वेगळं काय करता आलं असतं

सप्टेंबर-ऑक्टोबरात, टोळ्या निघायच्या आधी, आपल्या यादीतले ऊसतोडीला जाणारे रुग्ण कोण हे केंद्राला विचारता आलं असतं. पूर्ण हंगामाच्या गोळ्या देता आल्या नाहीत तरी कारखान्याजवळचं केंद्र कोणतं, ग्रीन बुकचा फोटो मोबाइलमध्ये कसा ठेवायचा, तिथून तात्पुरत्या गोळ्या कशा मिळतात, एवढं तरी. १०९७ या मोफत क्रमांकावर जवळच्या केंद्राचा पत्ता मिळतो, हे ताईंना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे आता ही चौकशी दसऱ्याच्या आधी होते.

दमाची चौकशी "दम लागतो का" एवढ्यावर सोडू नये. कष्टकरी माणूस नाहीच म्हणतो. "गेल्या वर्षी उचलत होता ते ओझं आज उचलता का? रात्री किती उशा लागतात?" असं विचारलं तर उत्तर मिळतं. झिडोवुडीनवर अनेक वर्षं काढलेल्या किंवा सीडी४ फार खाली जाऊन आलेल्या रुग्णाने असं काही सांगितलं की एक ईसीजी आणि एक इको करावा. सरसकट सगळ्यांचा इको करावा असं मी म्हणणार नाही, तेवढी यंत्रंही नाहीत आणि माणसंही.

आणि पिशवी. फार्मासिस्ट बाईंची पिशवी मागायची सवय आम्ही केंद्राच्या रोजच्या कामात घातली. रुग्ण औषधांची नावं सांगत नाही, चिठ्ठी घरी विसरतो, पण पिशवी सहसा जवळ असते.

एक निर्णय अजून बाकी आहे. गेल्या खेपेला ताईंनी विचारलं, "आता पंप सुधारला, तर हार्टच्या गोळ्या कमी करा की." २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रेड-एचएफ या ब्रिटिश चाचणीत, डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून सावरलेल्यांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या, तर सहा महिन्यांत साधारण दहातल्या चार जणांचं हृदय पुन्हा बिघडलं. त्यात एचआयव्हीचे रुग्ण हा विषयच नव्हता, आणि ताईंचं कारण बरंचसं दूर झालेलं आहे, त्यामुळे तो निकाल त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. तूर्त फक्त टॉर्सेमाइड बंद केलंय. वजन दर सोमवारी गावातल्या आशाताईंच्या काट्यावर होतं, आणि दोन किलो वाढलं तर त्यांनी तारखेची वाट न पाहता यायचं आहे.